आकडा कुणाच्या मशीनवरचा?

कृष्णा-कोयनेच्या संगमावर वसलेलं सातारा जिल्ह्यातलं गाव काही कागदांत ‘कराड’ असतं, तर काही कागदांत ‘कऱ्हाड’. अशी नावं असलेली, तालुकावार विक्रीची एक सीएसव्ही फाइल घेऊ. मथळे इंग्रजीत, नावं देवनागरीत, फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवलेली. टीममधल्या एकीकडे विंडोजचा लॅपटॉप आहे, दुसऱ्याकडे लिनक्सचा. दोघं तीच चार ओळींची पायथन स्क्रिप्ट चालवतात. फाइल उघडताना एन्कोडिंग कोणतं धरायचं, हे त्या चार ओळींत लिहायचं राहून गेलं आहे. लिनक्सवर नावं जशीच्या तशी येतात. विंडोजवर मात्र पायथन अनेक वर्षं अशा वेळी विंडोजचं ठरलेलं कोडपेज धरत आलं आहे, आणि आपल्याकडच्या इंग्रजी विंडोजवर ते साधारणपणे १२५२ असतं, म्हणजे पश्चिम युरोपातल्या भाषांसाठी केलेलं. त्यातून वाचलं की ‘कराड’च्या जागी उच्चारताही येणार नाही अशी चिन्हांची माळ उमटते, पण स्क्रिप्ट पुढे जाते. ‘कऱ्हाड’ आलं की ती तिथेच कोसळते, कारण जोडाक्षरातलं पाय मोडण्याचं चिन्ह तीन बाइटांनी लिहिलं जातं आणि त्यातल्या शेवटच्या बाइटला १२५२ मध्ये कुठलंच चिन्ह नेमलेलं नाही. पहिल्या उकाराची तीच गत, त्यामुळे ‘पुणे’ही अडकतं. साताऱ्याच्या अकरा तालुक्यांत, कराड हे रूप वापरलं तर, अडकणारं एकटं महाबळेश्वर. ज्या शाखेच्या फाइलीत फक्त कराड, पाटण आणि वाई असतील, तिथे कुणाला काही कळतही नाही. पुढे गावांच्या मास्टर यादीशी जोडताना ती बिघडलेली नावं कशाशीच जुळत नाहीत, न जुळलेल्या ओळी गळतात, आणि बैठकीत दोन लॅपटॉपांवरून दोन बेरजा पुढे येतात. दोघांचाही दावा एकच असतो: माझ्याकडे तर बरोबर चालतंय.

टीममध्ये तिसरं-चौथं माणूस आलं की हा वाद हमखास निघतो. प्रत्येकाने आपापल्या लॅपटॉपवर काम करायचं, की सगळ्यांनी मिळून एका सर्व्हरवर? पहिल्या पद्धतीत प्रत्येकाचं स्वतःचं पायथन किंवा आर असतं, स्वतःच्या लायब्ररी असतात आणि डेटाची स्वतःची प्रत असते. दुसरीत एक मोठं लिनक्स मशीन असतं, ऑफिसात किंवा क्लाउडवर, आणि ज्युपिटरहब किंवा आरस्टुडिओ सर्व्हरसारख्या सोयीतून प्रत्येक जण ब्राउझरने त्यात शिरतो. चर्चा होते ती भाड्याची आणि वेगाची. माझ्या मते या दोन्ही गोष्टी दुय्यम आहेत. उद्या कुणी ‘हा आकडा कुठून आला?’ असं विचारलं, तर टीमने कुठे बोट दाखवायचं, हे आधी ठरवायला हवं. ते ठरवायला बसलं की दिसतं, एका प्रश्नात तीन प्रश्न बांधलेले आहेत. डेटा कुठे ठेवायचा, अर्धवट काम कुठे करायचं, आणि टीमच्या नावाने बाहेर जाणारा आकडा कुठे काढायचा. तिन्हींचं उत्तर एकच असायला हवं, हा हट्ट सोडला तर बराचसा वाद मिटतो. माझी बाजू सुरुवातीलाच सांगतो. अर्धवट काम स्वतःच्या जागेत करावं. बाहेर जाणारा आकडा मात्र कुणा एकाच्या मालकीच्या नसलेल्या मशीनवर, कोऱ्या पाटीपासून काढावा.

यावर पहिली प्रतिक्रिया अशी येते, की एन्कोडिंग लिहायला विसरणं ही नवशिक्याची चूक आहे, त्यासाठी एवढं कशाला? पण मशीन बदललं की उत्तर बदलणं हे मुरलेल्या लोकांच्याही वाट्याला आलेलं आहे. रेणूंची रचना ओळखण्यासाठी लागणाऱ्या गणितांच्या पायथन स्क्रिप्ट २०१४ साली ‘नेचर प्रोटोकॉल्स’मध्ये प्रसिद्ध झाल्या आणि रसायनशास्त्रज्ञ त्या वापरू लागले. २०१९ मध्ये हवाई विद्यापीठातल्या संशोधकांना दिसलं, की तीच स्क्रिप्ट, तोच डेटा, पण विंडोजवर एक उत्तर येतं आणि उबुंटूवर दुसरं. मॅकच्या तर एका आवृत्तीवर बरोबर आणि दुसरीवर चूक. कारण अगदी घरगुती होतं. स्क्रिप्टने फोल्डरमधल्या फाइली मागवल्या होत्या आणि त्या नावांच्या क्रमानेच मिळतील असं गृहीत धरलं होतं. तसा शब्द पायथनने कधी दिलेलाच नव्हता. काही ऑपरेटिंग सिस्टिम क्रमाने देत होत्या, काही देत नव्हत्या, आणि क्रम चुकला की एका फाइलीची जोडी भलत्याच फाइलीशी लागत होती. वैद्यकातही असंच घडलं आहे. मेंदूच्या एमआरआय चित्रांवरून निरनिराळ्या भागांचं आकारमान मोजणारं फ्रीसर्फर नावाचं सॉफ्टवेअर आहे. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१२ साली तीच चित्रं त्याच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत घातली, तेव्हा आकारमानांत सरासरी ८.८ टक्के फरक निघाला. आवृत्ती तीच ठेवून मशीन किंवा ऑपरेटिंग सिस्टिम बदलली, तरी फरक उरलाच, फक्त कमी. मेंदूचा एखादा भाग आजाराने आक्रसला की सॉफ्टवेअर अपडेट झालं, हे ठरवणं अशा वेळी अवघड होऊन बसतं.

कधी तर कुणाचीच चूक नसते. आर भाषेत नमुना निवडताना यादृच्छिक आकड्यांना ‘बीज’ देण्याची पद्धत आहे. तेच बीज दिलं की तोच नमुना परत मिळावा, हा त्यामागचा हेतू. बीज १२३ देऊन १ ते १० हे आकडे पिसायला सांगितले, तर जुन्या आर मध्ये पहिले तीन आकडे ३, ८, ४ येतात. एप्रिल २०१९ मध्ये आलेल्या ३.६.० या आवृत्तीपासून तेच बीज ३, १०, २ देतं. नमुना निवडण्याच्या जुन्या रीतीत एक बारीक पक्षपात होता, तो काढून टाकला, म्हणून हा बदल झाला. बदल योग्यच होता आणि जाहीरही केलेला होता. पण ज्या टीममध्ये दोघांनी आर अपडेट केलं आणि तिसरीने केलं नाही, तिथे ग्राहकांचा ‘तोच’ नमुना वेगवेगळ्या माणसांचा होता. गिटहबवरच्या सार्वजनिक ज्युपिटर नोटबुकांची मोठी तपासणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. चालवून पाहिलेल्या आठ लाखांहून अधिक नोटबुकांपैकी २४.११ टक्केच विनातक्रार शेवटपर्यंत चालली, आणि मूळचेच निकाल पुन्हा दिले ते फक्त ४.०३ टक्क्यांनी. त्यांत शिकाऊ मुलांच्या नोटबुका पुष्कळ असणार, हे मान्य. तरी लिहिणाऱ्याच्या मशीनवर त्या कधीतरी चाललेल्या होत्याच.

यावरून लगेच ‘सगळं सर्व्हरवर न्या’ असा निष्कर्ष काढायची घाई नको. सर्व्हर म्हणजे अचूकपणा, ही समजूतही तितकीच भोळी आहे. एक उदाहरण जवळून पाहू. ठाण्यातल्या ग्राहकाने १ एप्रिलला रात्री सव्वा वाजता ऑनलाइन खरेदी केली. पुण्यातल्या लॅपटॉपचं घड्याळ भारतीय वेळेवर चालतं, म्हणून तिथे तारीख १ एप्रिल. क्लाउडवरचे सर्व्हर बहुधा यूटीसी, म्हणजे ग्रिनिचच्या वेळेवर लावलेले असतात, आणि त्या वेळेनुसार ही खरेदी ३१ मार्चच्या संध्याकाळी पावणेआठला झाली. दिवस बदलला, महिना बदलला, आर्थिक वर्षसुद्धा बदललं. वेळेचं क्षेत्र कोडमध्ये स्पष्ट लिहिलं नसेल, तर मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतची सगळी विक्री सर्व्हरवर आदल्या दिवसाच्या खात्यात जाते. इथे बरोबर आहे तो लॅपटॉप, चुकतोय तो सर्व्हर. मग सर्व्हरचा फायदा काय? सगळ्यांची चूक एकच असते, हा. ऐकायला हा फायदा पोकळ वाटतो, पण पाच लॅपटॉपांवर पाच तऱ्हांनी चुकलेला आकडा शोधायला आठवडा जातो, आणि एका जागी चुकलेला आकडा एकदा दुरुस्त केला की सगळ्यांचा दुरुस्त होतो. अहवाल वाचणाऱ्या व्यवस्थापकालाही चुकीपेक्षा विसंगतीचाच धसका जास्त असतो. चूक कळली की ती सुधारता येते. दोन आकडे दिसले की विश्वास उडतो आणि पुढचे सहा महिने प्रत्येक तक्त्यावर शंका येत राहते.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. सारखेपणा हवा असेल तर सर्व्हर कशाला, कंटेनर वापरा. डॉकर २०१३ साली आलं, तेव्हापासून ऑपरेटिंग सिस्टिमच्या थरांसह सगळं वातावरण एका डब्यात बंद करून कुठल्याही मशीनवर उघडता येतं. आर मध्ये रेनव्ह आहे, पायथनमध्ये लॉकफाइलची साधनं आहेत, त्यांत प्रत्येक लायब्ररीची नेमकी आवृत्ती लिहून ठेवता येते. हा आक्षेप मला बराचसा मान्य आहे. किंबहुना, वातावरण लिहून न ठेवता सर्व्हर घेणाऱ्या टीमपेक्षा, सर्व्हर न घेता वातावरण लिहून ठेवणारी टीम मला जास्त भरवशाची वाटते. सर्व्हरवरचं वातावरणही कुणीतरी हाताने लावलेलं असतं. ते मशीन गेलं की काय काय लावलं होतं, हे कुणालाच आठवत नाही. पण कंटेनरने सगळं भागत नाही. त्यात डेटा येत नाही. नोव्हेंबर २०२० पासून ॲपलचे लॅपटॉप स्वतःच्या एआरएम चिपवर आले, ऑफिसचा सर्व्हर बहुतेक वेळा इंटेलच्या जातीचा, त्यामुळे डबा एकच असला तरी आत दोन वेगळ्या बांधण्या असू शकतात आणि दशांशांच्या शेपटात फरक पडू शकतो. आणि तिसरी गोष्ट माणसाच्या स्वभावाची. शुक्रवारी संध्याकाळी अहवाल अडलेला असताना ‘ही एक लायब्ररी तेवढी टाकून घेतो’ म्हणणारा हात कुठल्याही लॉकफाइलला थोपवता येत नाही. लॅपटॉपवर त्या हाताला कुणी बघतही नाही. म्हणून लिहिलेलं वातावरण खरंच पुरेसं आहे का, हे पडताळायला एक तरी असं मशीन लागतं, ज्यावर कुणाचा हात फिरलेला नाही.

डेटाच्या बाबतीत मात्र माझं मत दुभंगलेलं नाही. खऱ्या माणसांची माहिती असलेला डेटा लॅपटॉपवर नसावा. ३ मे २००६ रोजी अमेरिकेत मेरीलँडमधल्या एका घरात चोरी झाली. घर माजी सैनिकांच्या कल्याण खात्यातल्या एका डेटा विश्लेषकाचं होतं. तो काम घरी घेऊन आला होता. लॅपटॉप आणि बाहेरची हार्ड डिस्क गेली, आणि त्यांत सुमारे २ कोटी ६५ लाख लोकांची नावं, जन्मतारखा आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक होते. जूनच्या अखेरीस लॅपटॉप सापडला, माहितीला कुणी हात लावल्याची चिन्हं नव्हती, तरी सामुदायिक दावे मिटवायला सरकारला पुढे २ कोटी डॉलर मोजायची तयारी दाखवावी लागली. चोराला डेटाशी काही देणंघेणं नव्हतं, त्याने सरळ घरफोडी केली होती. हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं ते विश्लेषकामुळे. त्याचा हेतू वाईट नव्हता, तो बिचारा जास्तीचं काम करत होता. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ‘वाजवी’ या शब्दावर वकील भांडतील तेव्हा भांडतील. पण ग्राहकांचे फोन नंबर असलेली फाइल पाच जणांच्या ‘डाउनलोड्स’मध्ये पडून असणं त्यात बसवणं कुठल्याही वकिलाला जड जाईल. शिवाय डेटाला वजनही असतं. ५० जीबीची फाइल १०० एमबीपीएसच्या घरगुती जोडणीवरून उतरवायला, सगळं सुरळीत चाललं तरी, तासाहून जास्त वेळ लागतो. उतरवून झाली तरी ती पेलायची कशी? पायथनमधल्या पांडाज लायब्ररीचे कर्ते वेस मॅकिनी यांनीच सांगितलेला ठोकताळा असा, की डेटाच्या पाच ते दहा पट रॅम हाताशी असावी. १६ जीबीचा लॅपटॉप त्या हिशेबाने दोन-तीन जीबीच्या फाइलीलाच दमतो. डकडीबीसारख्या नव्या साधनांनी ही मर्यादा पुष्कळ मागे रेटली आहे, हे खरं. पण फाइल चोरीला जाण्याची शक्यता त्यांनी कमी होत नाही.

सर्व्हरची दुखणी वेगळी, आणि ती ज्यांनी सामाईक विहीर पाहिली आहे त्यांना नव्याने सांगायला नकोत. सातबाऱ्यावर विहिरीत चार भावांचा हिस्सा असतो, मोटारीच्या पाळ्याही ठरतात, गाळ काढायची वेळ आली की मात्र चौघेही एकमेकांकडे बघतात. संगणकाच्या जगात पाळ्यांचा प्रश्न फार जुना आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० आला, तेव्हा संगणक ही मुळातच वाटून घेण्याची चीज होती. त्याच्या तीन वर्षं आधी एमआयटीत फर्नांडो कोर्बातो यांनी एकाच यंत्रावर अनेकांना एकाच वेळी काम करू देणारी सीटीएसएस ही व्यवस्था दाखवली होती. १९७९ च्या व्हिसिकॅल्क या स्प्रेडशीटने हिशेब प्रत्येकाच्या टेबलावर नेला, आणि क्लाउडने तो पुन्हा गोळा केला. मधल्या काळात यंत्रं लाखो पटींनी वेगवान झाली, पाळीचं भांडण मात्र तिथेच आहे. एकाकडून एक-एक लाख ओळींच्या दोन तक्त्यांची जोडणी करताना अट लिहायची राहिली, तर प्रत्येक ओळ प्रत्येक ओळीशी जोडली जाते आणि १,००० कोटी ओळी तयार होऊ लागतात. आठ बाइटांचा एकच रकाना धरला तरी ८० जीबी. रॅम संपत आली की लिनक्स कुठली तरी प्रक्रिया मारून जागा मोकळी करतं. सहसा बळी जातो तो सर्वांत जास्त रॅम धरून बसलेल्याचा, आणि तो गुन्हेगारच असेल असं नाही. शेजारणीचं सहा तासांपासून चाललेलं मॉडेलही असू शकतं. लॅपटॉपवर हीच चूक झाली असती, तर करणाऱ्याचाच पंखा भिरभिरला असता.

यावर इलाज आहेत. प्रत्येकाला रॅमची मर्यादा घालता येते, ज्युपिटरहबमध्ये तर ती सोयच आहे. पण ती कुणीतरी घालावी लागते, आणि मूळ दुखणं तिथेच आहे. क्योटो विद्यापीठाच्या सुपरकॉम्प्युटरवर डिसेंबर २०२१ मध्ये बॅकअपच्याच कामात सुमारे ७७ टेराबाइट संशोधन पुसलं गेलं. १४ संशोधनगटांच्या जवळपास ३.४ कोटी फाइली, त्यांतल्या चार गटांच्या परत आणताच आल्या नाहीत. जुन्या लॉग फाइली साफ करणारी एक शेल स्क्रिप्ट चालू असतानाच तिच्या जागी सुधारलेली आवृत्ती ठेवली गेली, अर्धी जुनी आणि अर्धी नवी अशी ती चालली, आणि जे पुसायचं नव्हतं ते पुसत गेली. तिथे पूर्णवेळ तज्ज्ञ होते, पुरवठादार कंपनीची माणसं होती. दहा जणांच्या टीममध्ये ज्याला लिनक्स ‘थोडंफार येतं’ त्याच्याच गळ्यात सर्व्हर बांधला जातो आणि त्याच्या मूळ कामातून त्यासाठी एक तासही वजा होत नाही. दोन महिन्यांनी डिस्क भरते. एकीला नवी लायब्ररी हवी असते, दुसऱ्याचा नियामकाला जाणारा अहवाल जुन्या आवृत्तीवर अडकलेला असतो. अपडेट करावं तर एक रुसतो, न करावं तर दुसरी. मग कुणीच कशाला हात लावत नाही आणि सर्व्हर तीन वर्षांपूर्वीच्या स्थितीत गोठून जातो. ज्या सर्व्हरला नाव-गाव असलेला रखवालदार नाही, त्यापेक्षा दहा बेशिस्त लॅपटॉप परवडले, असं मी म्हणेन. लॅपटॉप निदान सगळे एकाच दिवशी बंद पडत नाहीत.

सर्व्हरच्या पुरस्कर्त्यांची एक गोष्ट मला पटत नाही, ती म्हणजे अर्धवट कामही सगळ्यांसमोर चालावं, हा आग्रह. पारदर्शकतेच्या नावाने तो मांडला जातो. पण विश्लेषणाचा बराचसा वेळ मूर्ख प्रश्न विचारण्यात जातो. हा रकाना काय आहे, यात वयं शून्य का आहेत, हे दोन तक्ते जोडले तर ओळी वाढतात का? दहा वाटा चोखाळून नऊ सोडून द्यायच्या असतात, आणि त्या नऊंचं प्रदर्शन कुणाला नको असतं. वरिष्ठाची नजर आपल्या कच्च्या वहीवर आहे हे कळलं, की नवखं माणूस धोक्याचा प्रश्न विचारतच नाही, ठरलेला तक्ता ठरल्या रीतीने काढून मोकळं होतं. शिवाय विचारांची लय फार नाजूक असते. लॅपटॉपवर ओळ बदलली, चालवली, उत्तर दिसलं, हे दोन सेकंदांत होतं. व्हीपीएन तुटलं, ब्राउझरचं सत्र संपलं, पावसाळ्यात गावाकडची वीज गेली, की तीच गोष्ट अर्ध्या तासावर जाते आणि मनात धरलेला धागा सुटतो. सर्व्हरवरही प्रत्येकाचा स्वतंत्र कोपरा करता येतो. डेटा वेअरहाउसवर काम करणाऱ्या पुष्कळ टीम प्रत्येकाला स्वतःचा स्कीमा देतात, तिथे काय मोडतोड करायची ती करा, मुख्य तक्त्यांना धक्का लागत नाही. ती चांगली तडजोड आहे. कोपरा लॅपटॉपवर असो की सर्व्हरवर, त्याला दार असलं म्हणजे झालं.

डेटा एका जागी बंद आणि काम आपापल्या जागेत, हे एकत्र कसं नांदेल, असा प्रश्न उरतो. त्याचं चालतं-बोलतं उत्तर इंग्लंडमध्ये आहे. कोविडच्या साथीत, २०२० साली, बेन गोल्डेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओपनसेफली ही व्यवस्था उभी केली. डॉक्टरांकडच्या रुग्णनोंदी होत्या त्याच सुरक्षित सर्व्हरांवर राहिल्या. संशोधक आपल्या मशीनवर कोड लिहितो तो खोट्या, यंत्राने बनवलेल्या रुग्णांवर. त्या बनावट डेटाचे रकाने खऱ्यासारखे असतात, माणसं नसतात. कोड चालतोय असं दिसलं, की तो गिटहबवर जातो, तिथून सुरक्षित सर्व्हरवर, ठरलेल्या कंटेनरमध्ये, आणि खऱ्या नोंदींवर आपोआप चालतो. बाहेर येतात ते फक्त तपासलेले सारांश तक्ते. कुठला कोड कधी चालला, याची नोंद सगळ्यांना पाहता येते. याच व्यवस्थेतून १ कोटी ७२ लाख प्रौढांच्या नोंदींवरचा कोविड मृत्यूंचा अभ्यास जुलै २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये आला. म्हणजे साथीच्या धामधुमीतही हे जमलं होतं, आणि तेही देशातल्या सर्वांत नाजूक डेटावर. यातली अडचण दडवण्यात अर्थ नाही. खोट्या डेटाला खऱ्याच्या खोडी नसतात. कुणी जन्मतारखेच्या जागी १९०० टाकलेलं नसतं, कुणाचं गाव दोन रूपांत लिहिलेलं नसतं. त्यामुळे कोड खऱ्या डेटावर पहिल्यांदा जातो तेव्हा अडखळतो, आणि दुरुस्तीची फेरी लॅपटॉपपेक्षा लांब पडते. हा खर्च खरा आहे. मला तो रास्त वाटतो, कारण त्या बदल्यात प्रत्येक खोड कोडमध्ये लिहून हाताळावी लागते, कुणाच्या तरी लॅपटॉपवर एक्सेल उघडून गुपचूप पुसता येत नाही.

छोट्या टीमला हे सारं अंगाबाहेरचं वाटेल. तीन माणसं, महिन्याला चार अहवाल, सर्व्हरचं भाडं कुठून आणायचं? त्यांना माझं सांगणं असं, की भाड्याआधी माणूस शोधा. आठवड्यातला अर्धा दिवस सर्व्हरला देणारं आणि तो वेळ कामात धरला जाणारं माणूस मिळत नसेल, तर सर्व्हर घेऊ नका. आवृत्त्या लिहून ठेवा, एन्कोडिंग आणि वेळेचं क्षेत्र कोडमध्ये स्पष्ट मांडा, नावं-नंबर काढून टाकलेला डेटाच लॅपटॉपवर घ्या. शेवटचा आकडा काढायला मशीन भाड्याने घ्या, तेही तासाभरापुरतं. काम झालं की पुसून टाका, पुढच्या महिन्यात पुन्हा कोरं घ्या. दहाहून जास्त माणसं किंवा लोकांची खासगी माहिती, यांतलं एक जरी असेल, तरी सर्व्हर हवाच, आणि रखवालदाराचा पगार त्याच्या किमतीत धरायचा.

तुमची टीम आज कुठे उभी आहे, हे कळायला कुठलाही सल्लागार लागत नाही. मागच्या मार्चचा अहवाल घ्या. टीममध्ये सर्वांत नव्याने आलेल्या व्यक्तीला एक कोरं मशीन द्या आणि तोच आकडा पुन्हा काढायला सांगा. तिने कुणाला काही विचारायचं नाही, फक्त लिहून ठेवलेलं वाचायचं. दुपारच्या चहापर्यंत आकडा जुळला, तर लॅपटॉप की सर्व्हर हा वाद तुम्हाला परवडणारा आहे, खुशाल घाला. नाही जुळला, तर जिथे अडलं ती जागा कागदावर लिहून घ्या आणि खर्चाची सुरुवात तिथून करा.